चार दिवस मुरबाडला, स्वयंपाक नवऱ्याचा

“गावात घर घ्यायचे, स्वतःचे स्वतः रांधून खायचे, पायी हिंडायचे आणि चार दिवस कोणाच्याही घड्याळावर चालायचे नाही,” अशा शब्दांत माझ्या नवऱ्याने जानेवारीच्या सुट्टीचा बेत मांडला, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की या वाक्यातला ‘स्वतः’ म्हणजे नेमका कोण? आमच्या लग्नाला २७ वर्षे झाली. या काळात आम्ही जिथे जिथे स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेऊन राहिलो, तिथे तिथे माझ्या वाट्याला आमचे नौपाड्यातलेच स्वयंपाकघर आले. फक्त डबे अनोळखी, सुरी बोथट आणि खिडकीबाहेरची हिरवळ थोडी जास्त. म्हणून मी एक अट घातली. मी आनंदाने येईन, परंतु चार दिवस शेगडीला किंवा चुलीला हात लावणार नाही आणि विचारल्याशिवाय सल्लाही देणार नाही. अटीचा दुसरा भाग पाळणे पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड गेले, हे आधीच कबूल करते.

अट त्याने तत्काळ मान्य केली. इतक्या तत्काळ, की तिचा अर्थ त्याला कळला नसावा अशी मला शंका आली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो चहा, पोहे, खिचडी आणि ऑम्लेट या चार गोष्टी फार चांगल्या करतो, आणि चार दिवसांना चार पदार्थ पुरतात, असा त्याचा सरळ हिशेब होता.

मुरबाड तालुका निवडला तो मी. २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले आणि त्यांतील बहुतेकांत आता इमारती नाहीतर गोदामे दिसतात. मात्र शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत अजून भाताची खाचरे, जंगल आणि सह्याद्रीची सलग भिंत शिल्लक आहे. शहापूरकडे जायला आसनगावपर्यंत लोकल तरी मिळते. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटी पकडावी किंवा आपली गाडी काढावी, एवढेच दोन मार्ग असल्यामुळे तिकडची शांतता थोडीफार टिकली असावी, असा माझा समज आहे. आम्ही ज्या गावात राहिलो ते कल्याण–नगर महामार्गावर टोकावडे आणि वैशाखरे यांच्या मधल्या टापूत, रस्त्यापासून थोडे आत आहे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण घरमालकांना ओळखीतून येणारी दोन-चार कुटुंबे पुरेशी वाटतात आणि शनिवार-रविवारचा गोंगाट त्यांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना नको आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री सामानाची यादीही त्यानेच केली. त्यात गोडा मसाला, तेल, साखर, चहाची पूड, पोह्यांचे पाकीट, सुकट, सुके बोंबील, दोन डझन अंडी, पास्त्याचे एक पाकीट आणि ‘असू द्यावे’ म्हणून कोरड्या सूपची सहा पाकिटे होती. तांदूळ मात्र घेतला नव्हता. भाताच्या मुलखात तांदूळ घेऊन जाणे म्हणजे त्या मुलखाचा अपमान, असे त्याचे म्हणणे पडले. ते मला पटले, पण त्याची शिक्षा पहिल्याच रात्री मिळाली.

शुक्रवारी सकाळी ठाण्याहून निघून कल्याण, शहाड करत आम्ही मुरबाडच्या रस्त्याला लागलो. रायत्याला उल्हास नदी ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळूहळू मोकळे दिसू लागते. मुरबाडच्या बाजारात भाजीसाठी थांबलो. या तालुक्यातली आणि शेजारच्या शहापूरची भेंडी परदेशी जाते, हे त्याने कुठेतरी वाचले होते, म्हणून त्याने अत्यंत विश्वासाने अर्धा किलो भेंडी घेतली. ती जून होती. परदेशी जाणारी भेंडी बहुधा परदेशीच गेली असावी. मी काही बोलले नाही; अट नवी होती आणि मी ती कसोशीने पाळत होते. पिशवीत मुळे, वांगी, कोथिंबीर, आले आणि ओल्या हळकुंडांचा एक वाटा आला, तेव्हा मात्र मला बरे वाटले.

घर साधे आणि सुंदर होते. पुढे ओटी, आत दोन खोल्या, मागे पडवी, पडवीला लागून परस आणि परसात एक चूल. जाहिरातीत ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ असे लिहिले होते आणि ते सुसज्ज होतेही, फक्त आपल्याला जे लागते ते सोडून: काचेचे सहा उंच पेले, आइस्क्रीमचे चमचे, केक भाजण्याचे भांडे, आणि या सगळ्यात तवा नाही, किसणी नाही, सुरी अशी की टोमॅटोवर ठेवली तर टोमॅटोच हसावा. तवा शेजारून आला. शेजारच्या घरातल्या मावशी, वयाने साठीच्या आसपास, गाडी थांबल्यापासून आमच्याकडे पाहतच होत्या. तवा मागायला नवरा गेला, तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावरून मागे माझ्याकडे नजर टाकली, आणि मी पडवीत खुर्चीवर पाय पसरून बसलेली दिसल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते सहानुभूती होते की संशय, हे मला आजही सांगता येणार नाही.

तांदूळही त्यांच्याकडूनच घेतला. दिवाळीच्या सुमारास झोडलेल्या भाताचा, गिरणीवर नुकताच भरडून आणलेला नवा तांदूळ होता तो. हातात घेतला तर वास येत होता. नवऱ्याने आमच्या घरच्या मापाने वाटीला दोन वाट्या पाणी घातले आणि झाकण ठेवून ओटीवर सूर्यास्त पाहायला आला. नव्या तांदळात मुळातच ओल असते, तो पाणी कमी पितो आणि लवकर मऊ पडतो. मुरलेला जुना तांदूळ पाणी भरपूर पितो, फुलतो आणि मोकळा होतो. घरी आम्ही वर्षभर जुना तांदूळ खातो, त्यामुळे हे माप त्याला कधी लागलेच नव्हते. हे सगळे मला ठाऊक होते, आणि मी सूर्यास्त पाहत गप्प बसले. भाताचे जे झाले त्याला गिच्च गोळा म्हणण्यापलीकडे मराठीत शब्द नाही. त्याने झाकण उघडले, बराच वेळ आत पाहिले आणि शेवटी विचारले, “आता सल्ला मागितला तर चालेल ना?” मी म्हटले, पाणी वाढव, मीठ घाल, घोट आणि त्याला पेज म्हण. आम्ही त्या रात्री पेज, भाजलेला बोंबील आणि मुळ्याच्या चकत्या खाल्ल्या. बाहेर थंडी चांगलीच पडली होती आणि पेजेची वाटी हातात धरण्यातही सुख होते. जून भेंडी दुसऱ्या दिवशी मावशींच्या गायीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने एक वही उघडली. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला आकडा लिहिला की धीर येतो. ‘नवा तांदूळ १ वाटी, पाणी दीड वाटी, चूल मंद’ अशी पहिली नोंद झाली, तिच्यापुढे दुपारी ‘पाणी सव्वा’ अशी दुरुस्ती आली. मावशींनी तांदळाच्या भाकरीचे जे दाखवले, तेही त्याने लिहून घेतले: पाण्याला आधण आणायचे, त्यात पीठ वैरून झाकण ठेवायचे, उकड निघाली की सोसवेल तितक्या गरम असतानाच ती मळायची, पाण्याचा हात लावत लावत थापायची आणि तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचे. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी येणाऱ्यालाही ही जमतेच असे नाही. त्याच्या पहिल्या तीन भाकऱ्या तव्यावर जाण्याआधीच परातीत फाटल्या. चौथी गेली, पण तिचा आकार आपल्या जिल्ह्याच्या नकाशासारखा, तोही पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या, असा होता. मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. “ताई, तुमचं मालक खरंच रांधतात का हो? का आज काही व्रत आहे?” असे त्यांनी मला हळूच विचारले. “आमचं मालक तर तांब्या समोर असला तरी हाका मारतात.”

इथे एक लहानसे विषयांतर. घरी आम्ही दोघे एकमेकांना अरे-तुरेच करतो; कॉलेजपासूनची सवय आहे. परंतु मावशींसमोर मला ते कसेसेच वाटू लागले आणि मी ‘अहो, ऐकलंत का’ असे म्हणायला सुरुवात केली. तो प्रत्येक वेळी मागे वळून कोण आले आहे ते पाहत होता.

भाकऱ्या, वांग्याचे भरीत आणि खुरासणीची चटणी असे जेवण करून दुपारी आम्ही शेतांतून चालायला निघालो. खुरासणी म्हणजे कारळे. या डोंगराळ भागात वरकस जमिनीवर ते घेतात, आणि भाजलेल्या काळ्या बियांची लसूण-मिरची घालून कुटलेली चटणी भाकरीबरोबर असली की दुसऱ्या भाजीची गरज पडत नाही. भात कापून गेलेली खाचरे एरवी या दिवसांत करडी आणि उदास दिसायला हवीत, पण इथे ती हिरवी होती, कारण त्यांत वाल उभा होता. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल पेरतात. त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही, रात्रीचे दव आणि थंडी त्याला मानवते. ठाणे आणि रायगडच्या माणसाला कडव्या वालाचे जे वेड आहे, त्याच्या मुळाशी ही साधी व्यवस्था आहे. चार महिने धो धो पडलेल्या पावसाचे खाचरात उरलेले शेवटचे पाणी आपण डाळिंब्यांच्या रूपाने वर्षभर खातो. बांधावर उभे राहून मी हे नवऱ्याला सांगितले तेव्हा त्याने वही काढली. मी म्हटले, हे लिहिण्याची गरज नाही.

वाटेत ऐनाची झाडे अंगावरच्या सगळ्या फांद्या छाटलेली, नुसत्या खांबांसारखी उभी होती. शहरी डोळ्यांना ते दृश्य क्रूर वाटते आणि मलाही क्षणभर वाटले. पण ती तोड राबासाठी असते. वाळलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि वर माती असे थर भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर पसरून पावसाळ्याआधी पेटवतात, म्हणजे तणाचे बी जळते आणि राखेवर रोप जोमाने येते. झाड मुळापासून तोडत नाहीत. ते पुन्हा फुटते आणि काही काळाने पुन्हा छाटले जाते. याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे दोन्ही प्रकारचे शेतीतज्ज्ञ मी ऐकले आहेत. मावशींचे मत एवढेच होते, की राब नसेल तर रोप पिवळे पडते.

शनिवारची संध्याकाळ पोपटीची होती. पोपटी खरी रायगडकडची. मावशींची सून कर्जतकडची असल्यामुळे ती या घरात आली होती. सुनेने आम्हा दोघांना भांबुर्ड्याचा पाला खुडायला पाठवले. ही उग्र वासाची रानटी वनस्पती थंडीत पडीक जागी आणि बांधांवर आपोआप उगवते, आणि पोपटीला जी चव येते त्यात निम्मा वाटा तिचा असतो. मडक्याच्या तळाशी हा पाला दाबून भरायचा, त्यावर वालाच्या कोवळ्या नव्हेत तर भरलेल्या शेंगा, जाडे मीठ, ओवा, मध्ये बटाटे, रताळी आणि आम्ही नेलेल्यांपैकी डझनभर अंडी, मग पुन्हा शेंगा, आणि शेवटी तोंडाशी पुन्हा पाला असा गच्च कोंबायचा की मडके उपडे केले तरी आतले काही खाली येऊ नये. पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या पाण्यावरच सगळे शिजते. उपड्या मडक्याभोवती काटक्या, गोवऱ्या आणि पेंढा रचून जाळ केला. किती वेळ ठेवायचे, हा अर्थातच वहीचा प्रश्न होता. “दादा, घड्याळ कशाला, मडकंच सांगतं,” असे म्हणून सुनेने हात भिजवून मडक्यावर पाणी शिंपडले. ते चर्र करून उडाले की झाले. साधारण अर्धा तास लागला होता, हे त्याने गुपचूप मोजले होतेच.

मडके फोडले नाही, हलकेच बाजूला घेऊन परातीत ओतले. आम्ही अंगणात पेंढ्यावर बसलो. शेंग दाताखाली धरून ओढायची, दाणे आत राहतात, साल हातात. धुरकट, खारट, किंचित कडवट, मध्येच ओव्याचा चटका. रताळे तर असे झाले होते की त्याला साखरेचे नावही घेऊ नये. मावशींच्या घरची सात माणसे आणि आम्ही दोघे एवढ्यांत ते मडके संपले, आणि नवऱ्याने मला हळूच सांगितले की आज त्याने काहीही रांधले नाही, तरी अट मोडली असे होत नाही. मी मान्य केले. मी पाला खुडला होता, तेही रांधणे नव्हे.

रविवारी नाणेघाट. पहाटे उठून त्याने डबा भरला: चार भाकऱ्या, ज्यांतल्या दोन खरोखर गोल होत्या, चटणी, उकडलेली अंडी, कांदा आणि कोरडी परतलेली सुकट. वैशाखऱ्याच्या पुढे महामार्गालगत गाडी लावून सात वाजता चढायला लागलो. समोर उभा कडा आणि त्याच्या टोकाशी अंगठ्यासारखा वर आलेला सुळका. त्याला नानाचा अंगठा म्हणतात. सुरुवातीची वाट रानातून, पायाखाली वाळलेल्या पानांचा सडा, कारवीच्या सुकलेल्या काठ्या आणि अधूनमधून माकडांची धावपळ. पुढे चढ उभा होतो आणि दगडात खोदलेल्या, पायांनी गुळगुळीत झालेल्या पायऱ्या लागतात. आमच्या वयाला आणि माझ्या डाव्या गुडघ्याला शोभेल अशा गतीने, पाच वेळा बसत, आम्हाला वर पोहोचायला तीन तासांहून थोडे अधिक लागले. कॉलेजातली एक टोळी आम्हाला ओलांडून गेली आणि आम्ही वर पोहोचण्याआधी परतही निघाली. त्यांनी लेणे पाहिले का, असे विचारायचा मोह मी आवरला.

ते लेणे म्हणजे या घाटाचा जीव आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या कल्याण, सोपारा या बंदरांवरून जुन्नरकडे आणि तिथून पुढे प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला, जाणारा व्यापारी मार्ग या खिंडीतून जात असे. घाटमाथ्याच्या जरा खाली कातळात एक मोठी चौकोनी खोली खोदलेली आहे, आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख आहे. तो सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्याशी जोडला जातो आणि बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानतात. कोणते यज्ञ केले आणि प्रत्येक यज्ञात काय दान दिले, याची त्यात मोजदाद आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी, आणि त्यांचे आकडे. हे आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी आहेत, म्हणून गणिताच्या इतिहासातही या अंधाऱ्या खोलीला मान आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन कुळातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता त्यांची वर कोरलेली नावे वाचता येतात आणि खाली कुठेकुठे फक्त पावलांच्या खुणा दिसतात. सिमुकाचे, सातकर्णीचे, नागनिकेचे नाव आहे, माणसे नाहीत.

मी नवऱ्याकडे पाहिले, तर तो भिंतीसमोर फार आदराने उभा होता. “म्हणजे बाईंनी हिशेब लिहून ठेवला,” तो म्हणाला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राणीशी त्याचे असे बँकेच्या खातेवहीतून नाते जुळावे, याचे मला हसू आले. पण नंतर वाटले, की त्या लेखात जर यज्ञांऐवजी त्या यज्ञांच्या जेवणावळींचा शिधा नोंदलेला असता, किती खंडी तांदूळ, किती तूप आणि रांधायला कोण होते, तर मी तो अधिक आवडीने वाचला असता.

खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या तांड्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत, असे सांगतात. आम्ही त्याच्या बाजूला सावलीत डबा उघडला. सुकटीचा वास सगळ्या खिंडीत पसरला आणि जुन्नरच्या बाजूने गाडीने थेट माथ्यापर्यंत आलेल्या दोन नीटनेटक्या कुटुंबांनी आपली चटई उचलून दूर नेली. मला मुळीच वाईट वाटले नाही. समुद्रावरून देशावर जाणाऱ्या बैलांच्या पाठीवर रेशीम आणि मद्याचे कुंभ असतीलही, पण मीठ आणि सुकी मासळी नक्की असणार, अशी माझी खात्री आहे. ती कोणत्याही शिलालेखात नसली तरी माझे मत बदलणार नाही.

वरच्या पठारावरून, म्हणजे पुणे जिल्ह्यात उभे राहून, खाली आपला जिल्हा पाहिला. समोर जीवधन, दक्षिणेकडे एकामागून एक सुळके आणि त्यांच्या पलीकडे सिद्धगडाची बाजू. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे आझाद दस्त्याचे क्रांतिकारक सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात. आम्हाला यंदा ते साधले नाही; पुढच्या खेपेला तिकडची पायवाट करायची असे ठरवले. उतरताना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या इतक्या दिसल्या की आम्ही डब्याची पिशवी त्यांनी भरली, आणि ती भरल्यावरही वाटेत बाटल्या होत्याच. गुडघ्याविषयी लिहीत नाही.

त्या संध्याकाळी गावठी कोंबडीचा बेत होता. चुलीवर शिजायला तिला तब्बल दोन तास लागले, मिक्सर नसल्यामुळे कांदा-खोबऱ्याचे वाटण पाट्यावर झाले, आणि ते वाटताना नवऱ्याच्या तळहाताला फोड आला. मीठ किंचित कमी होते. बाकी मला एकही दोष काढता आला नाही, आणि मी मनापासून प्रयत्न केला होता.

सोमवारी सकाळी जे घडले ते मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवे. निरोप घ्यायला मावशींकडे गेले, तर त्या मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून सोलत बसल्या होत्या. मीही बसले. सोलता सोलता बोलणे निघाले, की त्यांच्याकडे बिरडे कांदा-लसणाच्या वाटणात, झणझणीत करतात, आणि माझ्या माहेरी डाळिंब्यांना जिरे-खोबऱ्याचे वाटण, आमसूल आणि गुळाचा खडा लागतो. “गूळ? वालात?” असे त्यांनी असा चेहरा करून विचारले की माझा माहेरचा अभिमान जागा झाला, आणि पंधरा मिनिटांत मी त्यांच्या चुलीसमोर पाटावर बसून फोडणीला हिंग घालत होते. डाळिंब्या मोडू नयेत म्हणून डाव न घालता पातेलेच हलवायचे, हे दाखवताना दारात सावली पडली. नवरा तवा परत करायला आला होता. “अहो,” तो म्हणाला, चार दिवसांत पहिल्यांदाच, “अट मोडली.” मी म्हटले, अट आपल्या चुलीपुरती होती. मावशींनी उसळ चाखली, थोडा वेळ विचार केला आणि मान डोलावली. पण वरून त्यांनी लाल तिखटाची चिमूट घातली, ती घातलीच.

आम्ही उरलेली निम्मी सुकट त्यांना दिली, त्यांनी आम्हाला दोन किलो कडवे वाल आणि पाच किलो नवा तांदूळ दिला, आणि पैशांच्या बाबतीत बरीच ओढाताण होऊन अखेर फक्त तांदळाचे पैसे त्यांनी घेतले. सूपची पाकिटे आणि पास्ता जसा नेला तसाच परत आला. परतताना वाट वाकडी करून कर्जत रस्त्यावरच्या म्हशाला गेलो. पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या तिथल्या यात्रेत बैलांचा बाजार पाहायचा होता. पण गर्दी एवढी होती की बैल लांबूनच पाहिले, एक घोंगडी घेतली आणि निघालो.

ठाण्यात पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. रात्री त्याने सव्वा वाटी पाणी घालून नव्या तांदळाचा भात केला. शेगडी आमची, कुकर आमचा, आणि भात पुन्हा थोडा गिच्च झाला. वहीत ‘कुकर: पाणी १ वाटी?’ अशी प्रश्नचिन्हासह नोंद पडली आहे. वाल मी काल रात्री भिजत घातले. उद्यापर्यंत मोड येतील आणि मग दोन किलो सोलायला बसावे लागेल. अटीची मुदत मुरबाडला संपली, असे त्याचे म्हणणे आहे. माझे तसे नाही.